होडीची गळती आणि दोन भागांचा लेप



आपल्या चंदगड तालुक्यात जंगमहट्टी, फाटकवाडी, तिलारी अशी धरणे आहेत. धरणाच्या पाण्यावर मासे धरून जगणाऱ्या गरीब घरात होडी असली तर एकच असते. तिला बोटभर चीर पडली की चूल थंडावते, आणि तशीच होडी पाण्यात लोटली तर जिवावर बेतते. "नवी होडी देऊ का?" असे काही दाते प्रेमाने विचारतात. पण लहान चिरेसाठी नवी होडी लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले इपॉक्सी नीट वापरले तर पुरते.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. वेगळे असताना दोन्ही मऊ राहतात. एकत्र मळले की रासायनिक क्रिया सुरू होते, लेप थोडा गरम होतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. एम-सीलसारख्या लेपात दोन्ही भाग सारखे घ्यावेत आणि एकच रंग दिसेपर्यंत मळावेत. इतर प्रकारांत पाकिटावरचे प्रमाण पाळावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर लेप कच्चा राहतो.

खरे काम मात्र लेपाच्या आधीचे आहे. होडी काठावर आणून उलटी घालावी आणि पूर्ण वाळू द्यावी. चिरेभोवतीचे शेवाळ व सुटलेला रंग खरवडावा, सँडपेपर मारावा, थिनरच्या फडक्याने पुसावे. मग लेप दाबून भरावा, आत हवा राहू देऊ नये. फायबरच्या होडीची भेग लांब असेल तर पातळ इपॉक्सीत भिजवलेले फायबरचे कापड वरून बसवावे. निदान २४ तास होडी पाण्यात घालू नये; पावसाळी गारव्यात त्याहून अधिक थांबावे. उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून शेवटी रंग द्यावा. हातमोजे घालावेत, नाहीतर कातडीला खाज सुटते. थिनरजवळ विडी-काडी नको.

काही ठिकाणी हा उपाय चालत नाही. प्लास्टिकच्या पिंपांचा तराफा आणि रबरी ट्यूब यांना इपॉक्सी धरत नाही. कुजलेली फळी बदलावीच लागते. दुरुस्त होडी आधी काठाशी, गुडघाभर पाण्यात तपासावी.

तारवाला आतून-बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा देवाने नोहाला दिली होती (उत्पत्ति ६:१४). तारू देवाच्या कृपेने तरले, पण डांबर नोहालाच लावावे लागले. म्हणून विनंती आहे: नव्या होडीआधी एका वाडीला इपॉक्सी, सँडपेपर, थिनर, फायबरचे कापड आणि हातमोजे असा एक दुरुस्तीचा डबा द्या. तो वापरायला शिकवण्याचे काम आम्ही करू. पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला प्रार्थनेत आठवा.