अर्ध्या थेंबाचा हिशेब: गाडीच्या एसीमागचा न दिसणारा फिल्टर

सिंगापूरच्या पूर्व भागात, एक्स्पो स्थानकाला लागून असलेल्या चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकांची आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये दाटीने उभी आहेत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तेथील पदपथांवर इतर भारतीय भाषांच्या बरोबरीने मराठीही कानी पडते. येथील बहुतेक नोकरदार मेट्रोने ये-जा करतात. परंतु ज्यांनी गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी ती मोठी गुंतवणूक असते. गाडी बाळगण्याचा हक्क देणारे ‘सीओई’ प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी मिळते आणि त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम पाहता गाडी जपून वापरण्यावाचून गत्यंतर नसते.

विषुववृत्तालगतच्या या शहरात एसीशिवाय गाडी चालवणे जवळपास अशक्य. गारवा कमी झाला की गाडी काकी बुकित किंवा उबी परिसरातील एखाद्या गॅरेजमध्ये नेली जाते. तेथे चाकांवर ढकलत एक यंत्र आणले जाते, लाल आणि निळ्या अशा दोन नळ्या गाडीला जोडल्या जातात, आणि तासाभरात ‘गॅस भरून झाला’ असे सांगितले जाते. मालक बिल पाहतो, थंड हवेचा झोत अनुभवतो आणि निघतो. त्या यंत्राच्या मागील बाजूस बसवलेले हातभर लांबीचे, डब्यासारखे नळकांडे मात्र त्याच्या नजरेस पडत नाही. गाडीत नुकताच भरलेला वायू कोरडा आहे की नाही, हे प्रामुख्याने त्या नळकांड्यावर अवलंबून असते. त्याला फिल्टर ड्रायर म्हणतात.

आपला वायू, दुसऱ्याचा वायू

गॅरेजमधील हे यंत्र एकापाठोपाठ एक अशी तीन कामे करते. प्रथम ते गाडीतील रेफ्रिजरंट, म्हणजे बोलीभाषेतला ‘गॅस’, ओढून घेते. नंतर तो शुद्ध करून आपल्या टाकीत साठवते. गाडीची यंत्रणा निर्वात करून झाल्यावर ठरावीक वजनाचा वायू ते पुन्हा भरते. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे-२७८८ हे मानक अशा यंत्रांकडून काटेकोर अपेक्षा बाळगते. गाडीतील किमान ९५ टक्के वायू ३० मिनिटांत परत मिळाला पाहिजे आणि भरताना वजनात १५ ग्रॅमहून अधिक चूक होता कामा नये.

यातील एक बाब मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या टाकीतून वायू भरला जातो, तिच्यात आदल्या दिवशीच्या, आदल्या आठवड्यातल्या अनेक गाड्यांचा वायू मिसळलेला असतो. एखाद्या गाडीला गळती असेल, तिच्यात बाष्प शिरले असेल, कॉम्प्रेसर झिजून धातूचा कीस सुटला असेल, तर ते सारे त्याच यंत्रातून गेलेले असते. हा वारसा पुढच्या गाडीला मिळू नये यासाठी यंत्रात आधी तेल वेगळे करणारा भाग असतो आणि त्यानंतर फिल्टर ड्रायर.

पाण्याचे भय कशासाठी?

एसीच्या यंत्रणेत पाणी तीन प्रकारे घात करते. पहिला प्रकार लगेच जाणवतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रापाशी तापमान झपाट्याने उतरते, पाण्याचा अंश तेथे गोठतो आणि वाट अडते. गाडी काही वेळ छान गार होते, मग गारवा नाहीसा होतो आणि थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा येतो. दुसरा प्रकार सावकाश चालतो. पाणी, उष्णता, तेल आणि रेफ्रिजरंट यांच्या संयोगातून आम्ले तयार होतात आणि ती ॲल्युमिनियमचे भाग कुरतडत राहतात. तिसऱ्या प्रकारात कॉम्प्रेसरचे तेलच बिघडते. गाड्यांत सर्रास वापरले जाणारे पॅग तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. तर हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतील एस्टर जातीच्या तेलाचे पाण्यामुळे विघटन होऊन आम्ल बनते.

किती पाणी म्हणजे फार? पुनर्वापराच्या आर-१३४ए वायूसाठी एसएईच्या जे-२०९९ मानकाने बाष्पाची मर्यादा वजनाच्या दहा लाख भागांत ५० भाग इतकी ठेवली आहे. एका मध्यम गाडीत ५०० ग्रॅम वायू धरला, तर ही मर्यादा २५ मिलिग्रॅम भरते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे संपूर्ण गाडीला मिळून मुभा आहे ती जेमतेम अर्ध्या थेंबाची.

आता सिंगापूरची हवा पाहू. येथील वार्षिक सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पहाटे ती ९० टक्केही ओलांडते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम पाणी असते. याचा अर्थ असा, की पाण्याच्या एका बाटलीत मावेल एवढ्या हवेतच त्या अर्ध्या थेंबाची भरपाई होते. उघडी राहिलेली नळी, झाकण न लावलेला सांधा किंवा घाईत उरकलेले निर्वातीकरण येथे कोरड्या देशांपेक्षा अधिक महाग पडते, ते यामुळेच.

मिठाच्या बरणीतले तांदूळ

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकण्याची रीत मराठी घरांना परिचित आहे. फिल्टर ड्रायरचे तत्त्व काहीसे तसेच, मात्र कितीतरी अधिक नेमके आहे. त्याच्या आत मॉलिक्युलर सीव्ह नावाचे मणी भरलेले असतात. या मण्यांमधील सूक्ष्म छिद्रे इतकी बेताची असतात, की पाण्याचा छोटा रेणू आत शिरून अडकतो आणि रेफ्रिजरंटचा मोठा रेणू बाहेरूनच निघून जातो. बारीक जाळी धातूचा कीस आणि गाळ अडवते. काही फिल्टरांत आम्ल शोषणारा पदार्थही असतो.

तथापि तांदूळ जसे कधीतरी ओले होतात, तसेच हे मणीही भरतात. भरलेला फिल्टर बाहेरून नव्यासारखाच दिसतो. यंत्र चालत राहते, वायू वाहत राहतो, आकडे झळकत राहतात. फक्त पाणी काढणे थांबलेले असते. शिवाय तापमान वाढले की मण्यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. उन्हात तापलेल्या गॅरेजमध्ये भरत आलेला फिल्टर आधी शोषलेल्या पाण्याचा काही अंश वायूला परतही करू शकतो.

किलोंची मोजणी

हा फिल्टर केव्हा बदलायचा, याचे उत्तर महिन्यांत नव्हे तर किलोंत द्यावे लागते. आर-१३४एसाठीच्या एका प्रचलित यंत्रात ही मर्यादा ६८ किलोंची, म्हणजे १५० पौंडांची आहे. गाडीमागे अर्धा किलो धरला तर सुमारे १३५ गाड्या होतात. दिवसाला पाच गाड्या करणाऱ्या गॅरेजमध्ये हा आकडा कामाच्या २७ दिवसांतच गाठला जाईल. वर्षाकाठी एकदा फिल्टर बदलण्याची सवय अशा ठिकाणी उपयोगाची नाही.

आधुनिक यंत्रे ही मोजणी स्वतःच ठेवतात. मर्यादा जवळ आली की ती सूचना देतात आणि मर्यादा ओलांडली की पुढचे काम नाकारतात. नव्या फिल्टरवरील संकेतांक भरल्याखेरीज कुलूप उघडत नाही, अशी सोय काही यंत्रांत केलेली असते. जुन्या यंत्रांत मात्र सारे काही चालवणाऱ्याच्या सचोटीवर राहते, कारण मोजणी शून्यावर आणणे आणि फिल्टर बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत.

फिल्टर बदलण्याची पद्धत अवघड नाही, पण तिचा क्रम महत्त्वाचा आहे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून यंत्राच्या देखभालीच्या सूचीतून फिल्टरचा पर्याय निवडायचा. यंत्र प्रथम फिल्टरमध्ये उरलेला वायू ओढून घेते. ते पूर्ण होण्याआधी सांधा सैल केल्यास दाबाखालचा वायू अंगावर उसळून हिमदाह होऊ शकतो. मग जुना फिल्टर काढायचा, नव्याच्या रबरी कड्यांना तेल लावायचे, प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण जुळवायचा आणि सांधे घट्ट केल्यावर गळतीची तपासणी करायची.

दमट हवेत एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. नव्या फिल्टरची बंद टोपणे बसवण्याच्या क्षणापर्यंत काढू नयेत. सकाळी टोपण काढून दुपारी बसवलेला फिल्टर कामाला लागण्याआधीच हवेतले पाणी पिऊन बसलेला असतो. जुना फिल्टर तापवून पुन्हा वापरणेही योग्य नव्हे. त्यात तेल, आम्ल आणि वायूचे अंश असतात. त्याची विल्हेवाट स्थानिक नियमांप्रमाणेच लावली पाहिजे.

फिल्टरची मर्यादा

नवा फिल्टर म्हणजे सर्व दोषांवर उपाय, असेही समजू नये. टाकीत शिरलेली हवा त्याला काढता येत नाही; ती यंत्र वेगळ्या मार्गाने बाहेर सोडते. दोन जातींचे रेफ्रिजरंट मिसळले असतील तर ते त्याला वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी वायूची ओळख पटवणारे उपकरण लावावे लागते. अलीकडच्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ हा सौम्य ज्वलनशील वायू असतो आणि त्याला स्वतंत्र यंत्र लागते. हायब्रिड गाडीच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये नळीत राहिलेले थोडेसे पॅग तेल गेले, तरी तेथील विद्युतरोधन कमकुवत होते. व्हॅक्यूम पंपाचे तेल वेळेवर बदलले नसेल, तर गाडी पुरेशी निर्वात होत नाही आणि आत राहिलेल्या पाण्याचा भार फिल्टरवर येतो.

विचारण्याजोगा एक प्रश्न

गॅरेजमध्ये ‘फिल्टर बदलला’ हे शब्द बहुधा गाडीच्या आतील हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरबद्दल वापरले जातात. क्वचित ते गाडीतच बसवलेल्या रिसीव्हर ड्रायरबद्दल असतात. येथे चर्चा आहे ती गॅरेजच्या यंत्रातील तिसऱ्या फिल्टरची. म्हणून प्रश्न स्पष्ट विचारावा: ‘तुमच्या मशीनचा फिल्टर ड्रायर शेवटचा केव्हा बदलला आणि आता किती किलो शिल्लक आहेत?’ ज्या गॅरेजमध्ये नोंद ठेवली जाते, तेथे हा आकडा यंत्राच्या पडद्यावर लगेच दाखवता येतो. नोंदच नसेल, तर तेही एक उत्तर आहे.

या काळजीचा लाभ एकट्या मालकाला होत नाही. आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापमानवाढ घडवतो. अर्धा किलो वायू हवेत सोडला, तर तो ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखा ठरतो. या वर्गातील वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडात किगाली दुरुस्ती संमत झाली. भारताने २०२१ मध्ये आणि सिंगापूरने २०२२ मध्ये तिला मान्यता दिली. नवा वायू जसजसा दुर्मीळ होईल, तसतसे जुनाच वायू शुद्ध करून वापरण्याचे महत्त्व वाढत जाईल. पण तो शुद्ध झाला असेल तरच त्या पुनर्वापराला अर्थ आहे.

सुट्टीत मुंबईला किंवा कोकणात गेल्यावर, ऐन पावसाळ्यात घरच्या गाडीचा एसी दुरुस्तीला नेण्याची वेळ आली, तर हाच प्रश्न तेथेही लागू पडतो. तेथील हवाही तितकीच ओली असते आणि अर्ध्या थेंबाची मर्यादा तीच राहते.