किलोवर मिळणाऱ्या परदेशी नाण्यांत चांदी कशी ओळखायची?

परदेशी नाण्यांचे जुने लॉट अनेकदा वजनावर विकले जातात. त्यातली बहुतेक नाणी साधीच असतात, पण एखादं चांदीचंही निघतं. ते ओळखायचं कसं?

आधी साल बघा
अमेरिकेच्या १९६४ च्या २५ सेंटच्या नाण्यात ९० टक्के चांदी आहे. १९६५ पासूनच्या चलनी नाण्यात ती अजिबात नाही. ब्रिटनच्या १९४६ च्या शिलिंगमध्ये निम्मी चांदी, तर १९४७ च्या शिलिंगमध्ये तांबं आणि निकेल. दोन्हींवर राजा मात्र एकच, सहावा जॉर्ज.

साल पुसट असेल तर?
नाणं वजन करा. २५ सेंटचं चांदीचं नाणं ६.२५ ग्रॅमचं असतं, नंतरचं ५.६७ ग्रॅमचं. नंतरच्या नाण्याच्या कडेला तांबूस रेघही दिसते.

चुंबक पुरेसा आहे का?
नाही. चुंबकाला चिकटलेलं नाणं चांदीचं नसतं, हे खरं. पण तांबं-निकेलचं नाणंही सहसा चिकटत नाही. त्यामुळे न चिकटलेलं प्रत्येक नाणं चांदीचं समजू नका.

नाणं घासावं का?
मुळीच नाही. चिंच-लिंबाने चकाकी येते, पण पृष्ठभाग खराब होतो आणि संग्राहक कमी भाव देतात.

'जुनं नाणं लाखोंना विका' असा मेसेज आला तर?
सावध राहा. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागितलं जात असल्याचा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही. नाणं विकण्यासाठी आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.