गोठ्यातलं औषध, घरातलं मांजर

पलूस, कुंडल, भिलवडी हा दुधाचा पट्टा. भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे, आणि दारात म्हैस किंवा संकरित गाय बांधलेली घरं इथं गल्लोगल्ली दिसतात. जनावरं म्हटली की गोचीड होतातच, म्हणून गोठ्याच्या फळीवर बाटल्या असतात: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. त्याच गोठ्यात उंदरांसाठी मांजर पाळलेलं असतं. त्याच्या अंगावर पिसवा दिसल्या की हात सहज त्या फळीकडे जातो. पिसवांनी मोठं मांजर सहसा दगावत नाही. त्या बाटल्यांतल्या औषधानं मात्र काही तासांत दगावू शकतं.

पहिला आणि सगळ्यांत जीवघेणा गैरसमज असा: जे एवढ्या म्हशीला सोसतं, कुत्र्याला सोसतं, ते थोडं कमी करून मांजराला लावलं की झालं. इथं प्रश्न नुसत्या मापाचा नाही. अंगात शिरलेली अनेक विषारी द्रव्यं यकृत एका आम्लाशी जोडतं आणि पाण्यात विरघळतील अशी करून बाहेर टाकतं. त्या कामाला लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचा जनुकच मांजरात निकामी आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आपला ताप उतरवते आणि मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणानं. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही एकाच कुळातली औषधं, आणि मांजर त्यांच्यापुढं असंच दुबळं पडतं.

कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांच्या औषधांत पर्मेथ्रिन ४५ टक्क्यांहून जास्त असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ४५० मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजरावर तेवढं सोडलं तर किलोमागे १५० मिलिग्रॅम झालं. १०० मिलिग्रॅमलाही जीव धोक्यात येतो. आधी कान फडफडतात, पंजे झटकले जातात, लाळ गळते. मग सगळं अंग थरथरू लागतं, ताप चढतो, झटके येतात. बहुतेकदा हे काही तासांतच सुरू होतं, पण लक्षणं दिसायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. त्यामुळे संध्याकाळी औषध लावलं आणि सकाळी मांजर ठीक दिसलं, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

मांजराला आपण औषध लावलंच नाही, असंही पुष्कळ जण खरेपणानं सांगतात. पण म्हशीवर फवारा मारला, आणि मांजर ओल्या गव्हाणीत जाऊन झोपलं. किंवा कुत्र्याला थेंब सोडले, आणि मांजर रात्रभर त्याला चिकटून पडलं. मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःला चाटत असतं. केसांना लागलेलं ते पोटात घेणारच. फवारलेलं जनावर आणि गोठा पूर्ण वाळेपर्यंत मांजराला खोलीत कोंडून ठेवावं, आणि थेंब सोडलेल्या कुत्र्यापासून निदान तीन दिवस लांब ठेवावं.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट थोडी वेगळी. पशुवैद्य ते मांजराला देतातही, म्हणून लोकांना भीती वाटत नाही. जनावरांच्या एक टक्का इंजेक्शनचं माप ५० किलो वजनाला १ मिलिलिटर आहे. त्या हिशेबानं तीन किलोच्या मांजराला येतं ०.०६ मिलिलिटर, जेमतेम एक थेंब. म्हशीच्या सिरिंजवर एवढी खूणच नसते. अंदाजानं अर्धा मिलिलिटर टोचलं तर आठपट झालं. मग मांजर लडखडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, आणि पिल्लू असेल तर बेशुद्धही पडतं.

घरगुती उपाय तरी बिनधोक असतील, हा समज मला फार काळजीचा वाटतो, कारण तो मायेपोटी असतो. रॉकेल चोळल्यानं कातडी भाजते, आणि चाटताना ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या मांजराला विष आहेत. कडुनिंबाचं तेल माणसाच्या डोक्याला चालतं, पण मांजराला त्यानंही विषबाधा झाल्याची नोंद आहे. लसूण खाऊ घालणं तर उलटंच; त्यानं तांबड्या पेशी फुटतात, आणि पिसवांनी आधीच रक्त प्यायलेलं असतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून गॅमेक्सिन पावडरीचं नाव येतं. त्यातल्या बीएचसीवर १९९७ मध्ये भारतात बंदी आली. एखाद्या कोनाड्यात जुनी पुडी सापडलीच तर ती मांजरावर उधळू नका.

याच्या उलट टोकाचा गैरसमज म्हणजे सगळीच औषधं वाईट. तसं मुळीच नाही. मांजरासाठी बनवलेले फिप्रोनिलचे किंवा सेलामेक्टिनचे थेंब वजन पाहून, मानेच्या मागं, जीभ पोचणार नाही अशा जागी केस बाजूला करून सोडले तर बहुतेक मांजरांना काही होत नाही. मांजरानं चुकून ते चाटलं तर तोंडाला फेस येतो. चव कडू असल्यामुळे तसं होतं, आणि काही मिनिटांत ते थांबतं. थेंबाच्या जागी थोडी लाली येते किंवा केस झडतात, तेही भरून निघतं. फ्लुरालानर, सारोलानर या नव्या कुळातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये इशारा दिला की काही कुत्र्या-मांजरांना थरथर किंवा झटके येऊ शकतात. पण बहुतेकांसाठी ती सुरक्षितच मानली आहेत. आपल्या मांजराला पूर्वी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

थेंब सोडल्यावर आठवड्यानं पुन्हा पिसवा दिसल्या म्हणजे औषध खोटं निघालं, असं समजून लोक लगेच दुसरा डोस देतात. पिसवांची अंडी, अळ्या, कोष हे सगळं पोत्यांत, गोधडीत, जमिनीच्या भेगांत असतं, आणि कोष कित्येक आठवडे तग धरतो. नव्या पिसवा तिथून येतात. गोधडी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका, कोपरे झाडा. पुढचा डोस वेष्टनावर लिहिलेल्या अंतरानंच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी पुरे. फक्त त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालेलं असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नको ते औषध लागलंच, तर थरथर सुरू व्हायच्या आधी भांड्यांच्या पातळ साबणानं कोमट पाण्यात धुऊन काढा. कढत पाण्यानं औषध कातडीत जास्त शिरतं, आणि गार पाण्यानं अंग थंड पडून विषबाधा वाढते. दूध-तूप पाजू नका, उलटी करवू नका. झटके येत असतील तर आंघोळ नको. टॉवेलात गुंडाळून थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ मांजरं दोन-तीन दिवसांत सावरतात. बाटली, रिकामी असली तरी, सोबत न्या: अमिट्राझचा परिणाम उतरवणारं औषध आहे, पर्मेथ्रिनला तसा उतारा नाही, तिथं झटके थांबवत आणि सलाईन देत वाट पाहावी लागते. त्यामुळे नक्की कोणतं औषध लागलं, हे डॉक्टरांना सगळ्यांत आधी कळायला हवं.