विश्लेषण : गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज वारंवार का उडतो?

नवा स्टिरिओ, डिकीत वूफर आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवून गाडी दुकानातून बाहेर पडते. आठवडाभर सगळे ठीक चालते आणि एक दिवस आवाज बंद होतो. फ्यूज उडालेला असतो. दहा-वीस रुपयांचा नवा फ्यूज लावला की आवाज परत येतो, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘३० चा काढून ४० चा टाका’. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावणारेही आहेत. गाडीला आग लागण्याची सुरुवात नेमकी इथून होऊ शकते.

फ्यूज नेमके कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज प्रत्यक्षात तार वाचवतो. बॅटरी १२ व्होल्टची असल्याने हाताला झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण शॉर्ट झाल्यावर हीच बॅटरी शेकडो अँपिअरचा प्रवाह देऊ शकते. तेवढ्या प्रवाहाने तार लाल होते, तिच्यावरचे आवरण वितळते आणि शेजारचा गालिचा किंवा फोम पेट घेतो. म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, असा नियम पाळतात. फ्यूजच्या अलीकडचा तारेचा भाग असुरक्षितच राहतो. तो जितका लहान तितके बरे.

उडालेल्या फ्यूजवरून काय कळते?

बरेच काही. पट्टी पूर्ण जळून आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर थेट शॉर्टची शक्यता जास्त. पट्टी मधोमध शांतपणे वितळली असेल, तर बराच वेळ थोडा जास्त प्रवाह गेला असावा. पट्टी शाबूत पण प्लास्टिक एका बाजूला वितळले असेल, तर दोष होल्डरच्या सैल पकडीत आहे. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत ही पकड गंजते आणि तापते.

कोणता फ्यूज उडाला, हेही पाहावे. बॅटरीजवळचा उडत असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा टिकत असेल, तर संशय मधल्या तारेवर, होल्डरवर किंवा कमी अँपिअरच्या मुख्य फ्यूजवर. अ‍ॅम्प्लिफायरवरचा उडत असेल, तर दोष त्याच्या आत किंवा स्पीकरच्या बाजूला.

दोष शोधायचा कसा?

एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा जुन्या मेकॅनिकांची युक्ती वापरावी. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडावा. घरच्या वायरमनच्या सिरीज बोर्डचेच हे गाडीतले रूप. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेड देतो, पण प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो. तारा हलवण्यापूर्वी प्रत्येक वेळी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडावी.

पहिली पायरी : अ‍ॅम्प्लिफायरकडची पॉझिटिव्ह तार सोडून टोकाला टेप लावावी. तरीही बल्ब पेटला तर तारच बॉडीला टेकते आहे. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तार जाते, तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार आवरण कापते. सीटच्या रुळाखालीही तार चेपते.

दुसरी पायरी : तार ठीक असेल तर फक्त पॉझिटिव्ह आणि अर्थ जोडावेत, रिमोट, स्पीकर आणि सिग्नलच्या तारा सुट्या ठेवाव्यात. आतले कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर काळजी नाही. पेटलेलाच राहिला तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडलेले नाहीत ना, हे पाहावे. उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड किंवा सप्लायचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असू शकतात.

तिसरी पायरी : रिमोट तार जोडून अ‍ॅम्प्लिफायर चालू करावा. बल्ब मंद पेटला तर चालेल. झगझगीत पेटला तर दोष आतल्या सप्लायमध्ये किंवा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये.

चौथी पायरी : इथपर्यंत सारे ठीक असेल तर बल्ब काढून योग्य फ्यूज लावावा आणि आवाज कमी ठेवून स्पीकर एकेक करून जोडावेत. त्याआधी मल्टिमीटरने मोजावे. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. शून्याच्या जवळ आकडा आला तर कॉइल किंवा तार शॉर्ट आहे. स्पीकरची कोणतीही तार गाडीच्या बॉडीशी जोडलेली दाखवता कामा नये.

फक्त मोठ्या आवाजातच फ्यूज उडत असेल तर?

तेव्हा बहुधा जोडणीचे गणित चुकलेले असते. ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की भार २ ओहम होतो. अनेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज जोडणीत ४ ओहमपेक्षा कमी भार सहन करत नाहीत.

दुसरे कारण बारीक तार. ८ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या तारेतून ५० अँपिअर गेले की अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेल्या स्वस्त तारेत ही घट आणखी वाढते. रेग्युलेटेड सप्लायचा अ‍ॅम्प्लिफायर ही तूट भरून काढायला अधिक प्रवाह ओढतो. अर्थची तार रंगावरच आवळली असेल तरी हेच घडते. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर घट्ट बसवायला हवी.

किती अँपिअरचा फ्यूज योग्य?

उत्पादकाने लिहिलेला, त्याहून मोठा नाही. ५०० वॉट खरी क्षमता असलेला ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण आवाजात सुमारे ४५ अँपिअर घेतो. ‘क्लास एबी’ ५५ टक्के धरला तर सुमारे ६६. हेच गणित उलटे केले की जाहिरातीतले वॉटही उघडे पडतात. खोक्यावर ‘३००० वॉट’ आणि फ्यूज ३० अँपिअरचे दोन असतील, तर तो ओढू शकेल अशी वीजच सुमारे ८२८ वॉट. मुख्य फ्यूज मात्र तारेला झेपेल त्याहून मोठा कधीच नसावा.

दुरुस्ती की नवा?

आतले ट्रान्झिस्टर जळाले असतील तर एकच बदलून भागत नाही. त्यांचा पूर्ण संच आणि त्यांना चालवणारे रेझिस्टर तपासावे लागतात, नाहीतर बदललेला भाग पहिल्याच दिवशी जातो. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरला हा खर्च परवडत नाही.

विम्याकडेही लक्ष हवे. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वाहन विम्यात वेगळा हप्ता भरून ‘आयएमटी २४’ हे संरक्षण घेता येते. मूळ वायरिंग कापून जोडणी केली असेल तर कंपनीच्या वॉरंटीवर वाद होऊ शकतो. त्यामुळे जोडणीचे बिल जपून ठेवावे आणि गणपतीला गावी निघण्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून होल्डर हाताला गरम लागतो का, ते पाहावे. दुसऱ्यांदा फ्यूज उडाला की अ‍ॅम्प्लिफायरची तार बॅटरीपासून सोडून ठेवावी. दोष सापडेपर्यंत गाणी नसली तरी चालतील.