‘लय भारी’चं इंग्रजी करताना मोबाईल का गंडतो?

जपानी पोरं चॅटमध्ये हसायला ‘कुसा’ लिहितात. कुसा म्हणजे गवत! हसण्याला जपानीत ‘वाराउ’ म्हणतात. त्यातला नुसता ‘डब्ल्यू’ टाइप व्हायला लागला. डब्ल्यूंची रांग गवतासारखी दिसते, म्हणून कुसा. इंग्रजीत नुसतं ‘ग्रास’ केलं, की विनोद मेला.

मी वाईचा. आमच्याकडेही तेच. ‘लय भारी’त वजन नाही, ‘वाट लागली’त रस्ता नाही. ‘आज मेला तो’ म्हणजे त्याला बोलणी बसणार; पण शब्दशः इंग्रजी वाचणारा घाबरेल.

असं का होतं? भाषांतराचं अ‍ॅप मुख्यतः आधी झालेल्या भाषांतरांवरून शिकतं. तो मजकूर बहुतेक प्रमाण भाषेतला. वाईतच तयार झालेला मराठी विश्वकोश आज मोबाईलवर वाचता येतो. कृष्णेच्या घाटावरच्या गप्पा मात्र कुठे लिहिलेल्या नसतात. चॅटमध्ये आल्या तरी इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. शिवाय बोलण्याचा सूर अ‍ॅपला ऐकू येत नाही.

मग काय करायचं? महत्त्वाचा मेसेज आधी साध्या मराठीत लिहा: ‘पेपरची वाट लागली’ऐवजी ‘पेपर वाईट गेला’. आलेलं इंग्रजी परत मराठीत करून बघा. अर्थ हलला असेल, तर पाठवू नका.