बाटलीत बुडबुडा नको

बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते. जाड काचेची ३०० मिलिलिटरची बाटली, तिला घासून बसवलेलं काचेचं बूच. बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, बुडबुड आवाज होऊ न देता सावकाश भरू द्यायची, बूच पाण्यातच लावायचं आणि मग बाहेर काढून उलटी करून उजेडात बघायची. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायची.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसात. मुंबईतल्या गोरेगावात, आरेच्या वरच्या अंगाला झाडीतून येणाऱ्या एका ओहोळाशी आम्ही उकिडवे बसलो होतो. बारावीची सहा मुलं, मी आणि आमच्या प्रयोगशाळेतले मामा. मामांनी दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटमध्ये बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. नमुना घ्यायच्या प्रत्येक जागेसाठी दोन. एकीचं बूच जरी बदललं तरी मामा ओरडतात, कारण घासून बसवलेलं बूच ज्या बाटलीचं त्याच बाटलीला नीट बसतं.

हा ओहोळ ओशिवरा नदीचा. ती इथल्या टेकड्यांतून निघते, वाटेत वालभट नदीचं पाणी घेते आणि मालाडच्या खाडीत जाते. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या मुंबईच्या चार नद्यांपैकी ही एक. वर्गात विचारलं की बहुतेक मुलं तिला नाला म्हणतात. म्हणून मी दरवर्षी त्यांना आधी इथे आणते. पाणी गुडघ्याएवढंही नाही, तळाचे काळे दगड स्वच्छ दिसतात. दगडामागच्या संथ डबक्यावर लांब पायांचे किडे चालत होते. त्यांच्या पायाखाली पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा किंचित दबतो, फाटत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून असतात, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता, म्हणून तर बुडबुडा नको. भरलेल्या बाटलीत तिथल्या तिथे दोन औषधं घालायची: मँगनीज सल्फेट, आणि पाठोपाठ अल्कली, आयोडाइड आणि अझाइड यांचं मिश्रण. अझाइड विषारी, म्हणून ते मी मुलांच्या हाती देत नाही. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, म्हणजे हवा आत जात नाही, आणि तेवढंच पाणी काठावरून वाहून जातं. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करायची. आत साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर तो पांढरा राहतो, असेल तर तपकिरी होतो. आमच्या पहिल्या बाटलीत तो गुळासारखा गडद तपकिरी झाला आणि ढगांसारखा हळूहळू खाली बसू लागला. मुलं गप्प झाली होती.

हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ साली शोधलेली ही पद्धत. आता मीटर मिळतं, दांडी पाण्यात बुडवली की आकडा दिसतो. आमच्याकडेही एक आहे. पण आकडा बघून कुणी गप्प होत नाही. पाण्यातला प्राणवायू डोळ्यांसमोर रंग होऊन खाली बसतो, तेव्हा होतात. हे काम नदीवरच उरकावं लागतं, कारण बाटलीतले जिवाणू श्वास घेतच असतात. तशीच बाटली प्रयोगशाळेत नेली, तर पोचेपर्यंत त्यांनी त्यातला ऑक्सिजन वापरलेला असतो. साका झाला की ऑक्सिजन त्यात बांधला जातो.

"मॅडम, यात किती असेल?" एका मुलीनं विचारलं. मी उलट विचारलं, लिटरभर पाण्यात मीठ किती विरघळेल? ती म्हणाली, दोन-चार चमचे. खरं तर साडेतीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं. ऑक्सिजन मात्र ३० अंश तापमानाला हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम. चिमूटही म्हणता येणार नाही.

कारण रेणूच्या बांध्यात आहे. पाण्याचा रेणू सरळ नसतो, मध्ये वाकलेला असतो, १०४.५ अंशांच्या कोनात. त्यामुळे ऑक्सिजनच्या अंगाला थोडा ऋण भार येतो आणि हायड्रोजनच्या अंगाला धन. मिठातल्या भारित कणांना पाण्याचे रेणू चहूबाजूंनी वेढतात आणि सुटं करून घेऊन जातात. साखरेलाही त्यांचा हात धरता येतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला मात्र ऋण बाजू नाही की धन बाजू नाही. पाण्याला तो धरायचा कुठे, हेच कळत नाही. एकमेकांत गुंतलेले पाण्याचे रेणू त्याला कसाबसा शिरकाव देतात. पाणी तापलं की तोही निसटतो. शून्य अंशाला लिटरमध्ये साडेचौदा मिलिग्रॅम मावतात, तिशीत त्याच्या निम्मेच. मे महिन्यात तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते याचमुळे. पाणी गरम असतं, आणि रात्रभर शेवाळानंही ऑक्सिजन घेतलेला असतो, दिलेला नसतो.

एवढ्याशा ऑक्सिजनवर मासा जगतो. कल्ल्यात रक्त एका दिशेनं जातं आणि पाणी त्याच्या उलट, म्हणून निघून जाता जाता पाण्यातला बराचसा ऑक्सिजन रक्तात उतरतो. आपलंही याहून वेगळं नाही. आपल्या लिटरभर रक्तातल्या नुसत्या पाण्यात जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. त्यावर जिन्याची एक पायरीही चढवणार नाही. हिमोग्लोबिन तो धरून ठेवतं, म्हणून लिटरला २०० मिलिलिटरच्या आसपास नेता येतो. रक्ताचा लाल रंग त्या हिमोग्लोबिनचा. पाण्याला जे धरता येत नाही ते धरायला शरीरानं ही वेगळी व्यवस्था केली. हे मी किती वर्षं शिकवते आहे, तरी सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा चढतो.

दुसरी जागा खाली, तबेल्यांच्या बाजूनं येणारं पाणी मिसळतं तिथे. मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत झाली, आणि म्हशी आजही इथे आहेत. शेणाचं पाणी पाण्यात आलं की जिवाणूंना मेजवानी मिळते. ते शेण खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. जितकं शेण जास्त, तितका ऑक्सिजन भराभर संपतो. शेणाचा दोष नाही. तेच शेतात पडलं असतं तर खत झालं असतं. इथला साका फिक्या चहाच्या रंगाचा झाला. मुलांनी तो वरच्या बाटलीशेजारी धरून पाहिला.

मग रिक्षा करून एस. व्ही. रोडवर याच नदीच्या पुलाशी आलो. इथे वाकून बाटली भरता येत नाही. मामा तळाला शिसं बांधलेला डबा सुतळीनं खाली सोडतात आणि डब्यातून नळीनं बाटली तळापासून भरतात. पाणी काळं होतं आणि वासानं डोळे चुरचुरत होते. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्यांच्या वासाचा. त्यानं चांदी काळी पडते. अशा नाल्याकाठच्या घरांत बायकांची जोडवी घासून घासून पुन्हा काळी होतात.

त्या पाण्यावर जाड थरासारख्या वळवळत होत्या त्या डासांच्या अळ्या. त्यांना पाण्यातला ऑक्सिजन लागतच नाही. शेपटीकडची नळी वर काढून त्या हवेतून श्वास घेतात. त्यांना खाणारे बहुतेक मासे मात्र असल्या पाण्यात गुदमरतात. नदीचा श्वास गेला की काठावरच्या वस्तीला डासांचा सुळसुळाट, हा संबंध इतका सरळ आहे, तरी फवारणीची चर्चा होते आणि ऑक्सिजनची होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथल्या बाटलीत मामांनी औषधं सोडली. साका आला आणि पांढराच राहिला. ताकातल्या कण्यांसारखा, मळकट पांढरा. मुलांनी उलटसुलट करून पाहिलं. मी थांबवलं नाही. जलचरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन ठरवून दिला आहे. या बाटलीत रंगापुरताही नव्हता.

गोरेगावात पाणी म्हटलं की मृणालताई गोरे आठवतात. हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन त्या नळाच्या पाण्यासाठी लढल्या आणि 'पाणीवाली बाई' झाल्या. तानसा, वैतरणा, भातसा इथून दूरवरचं पाणी घरात येतं त्यामागे असे मोर्चे आहेत. तेच पाणी वापरून झाल्यावर जिथे जातं, तिथे त्या दिवशी आम्ही उभे होतो. मुलांना हे सांगताना मी पुलाच्या कठड्याला हात लावून उभी होते, आणि बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेत पुढचं काम. साक्यात गंधकाचं आम्ल घातलं की तो विरघळतो आणि पाणी पिवळं होतं. हे आयोडिन. जितका ऑक्सिजन होता त्याच मापात सुटलेलं. यातलं २०० मिलिलिटर शंकूच्या चंबूत घ्यायचं आणि ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. मापं अशी जुळवली आहेत की जितके मिलिलिटर उतरतील तितकेच लिटरला मिलिग्रॅम. रंग गवताच्या काडीसारखा फिका झाला की स्टार्चचे दोन थेंब. लगेच कपड्यांना देतात तशी नीळ उतरते. पुढचा प्रत्येक थेंब मोजून. मग एका थेंबाला नीळ जाते आणि चंबूत नुसतं पाणी उरतं. वरच्या ओहोळाच्या पाण्याला सातच्या पुढे लागले. तबेल्याजवळच्या पाण्याला त्याच्या निम्मेही नाहीत.

पुलाखालच्या बाटलीत आम्ल घातल्यावर पिवळा रंग आलाच नाही. मी म्हटलं, मोजायला काही नाही, पुढे चला. ती सकाळची मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, लिहू दे ना," आणि तिनं वहीच्या रकान्यात नीट अक्षरात ०.० लिहिलं.

पुलाखालची दुसरी बाटली आम्ल न घालता फळीवर तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला बोलावलं. बूच किंचित सैल बसलं होतं. तळातला साका पांढराच होता, पण बुचाखाली काचेला जो चिकटला होता त्याला तपकिरी कड आली होती, बांगडीएवढी बारीक. खोलीतली हवा रात्रभर तेवढीच आत उतरली होती. मामांनी ती बाटली धुतली नाही. संध्याकाळपर्यंत ती कड नखाएवढी खाली सरकली होती, आणि मुलं आळीपाळीनं येऊन पट्टीनं ती मोजून जात होती.