चोरबागानातला संगमरवरी वाडा

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर आणि जमलंच तर जोडासांकोची ठाकूरबाडी पाहून परततो. त्या ठाकूरबाडीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, चोरबागानातल्या मुक्ताराम बाबू स्ट्रीटवर, ‘मार्बल पॅलेस’ आहे. गल्ली अशी गजबजलेली की इथे राजवाडा असेल असं वाटत नाही. फाटकाच्या आत मात्र हिरवळ, उंच खांब, दगडी सिंह, आणि बागेत बुद्ध, येशू व कोलंबस गुण्यागोविंदाने उभे.

नीलमणी मल्लिक या धनिक व्यापाऱ्याचे दत्तक पुत्र राजेंद्र यांनी १८३५मध्ये बांधकाम काढलं, तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. नीलमणींनी बांधलेलं जगन्नाथाचं देऊळ आवारात त्याआधीपासूनच आहे. तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही. मल्लिकांचे वंशज अजून इथेच राहतात. त्यामुळे हे संग्रहालय वाटतच नाही. घरातल्या मोठ्यांच्या अपरोक्ष त्यांची कपाटं उघडून पाहावीत, तसं वाटतं.

आत बेल्जियन आरसे, झुंबरं, घड्याळं, चिनी फुलदाण्या यांची नुसती दाटी. रुबेन्स आणि रेनॉल्ड्स यांची चित्रंही याच गर्दीत टांगलेली. आम्हाला फिरवणारे काका इथले जुने नोकर. पुण्याहून आलो म्हटल्यावर ते हसले, “म्हणजे बर्गी! आता काय न्यायला आलात?” बर्गी म्हणजे मराठे स्वार; अठराव्या शतकातल्या भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगाल अजून विसरलेला नाही. एवढी चेष्टा झाल्यावर मात्र काका खुलले. राणी व्हिक्टोरियाच्या भव्य लाकडी पुतळ्यापाशी त्यांनी बॅटरी लावली आणि प्रकाशाचा झोत वस्त्राच्या चुण्यांवरून सावकाश खाली आणला. “एकाच शिसवी ओंडक्यातला. कुठे सांधा दिसतो का, शोधा.” आम्ही वाकून वाकून पाहिलं. नाही सापडला. रुबेन्सला दोन मिनिटं देणाऱ्या काकांनी या राणीपाशी पाव तास काढला, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच जास्त आवडली.

पण बॅटरी लागते, यातच दुखणं आलं. खोल्या अंधाऱ्या, कॅनव्हासवर धूळ, आणि बंगालची दमट हवा तर कुणालाच सोडत नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा कायापालट ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे हळहळ वाटल्याशिवाय राहणार नाही. खासगी घर, अफाट पसारा आणि तिकीट नाही. खर्च भागायचा कसा?

राजेंद्रबाबूंना पशुपक्ष्यांचंही वेड होतं. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयाला त्यांनी प्राणी दिले, तिथल्या एका घराला मल्लिकांचं नाव आहे. वाड्यामागे त्यांचं स्वतःचं छोटं प्राणिसंग्रहालय अजून आहे: हरणं, मोर, पाणकोळी. पिंजरे जुने आणि अरुंद आहेत. तिथे मुलं रमली, मी फार वेळ थांबलो नाही. पशुपक्ष्यांच्या नादात माणसांचा विसर मात्र पडला नव्हता: १८६६च्या दुष्काळात मल्लिकांनी अन्नछत्र चालवलं होतं. गोरगरिबांना जेवण देण्याची रीत या घराने पुढेही सोडली नाही.

सोमवारी आणि गुरुवारी वाडा बंद असतो. पर्यटन कार्यालयातून आदल्या दिवशी परवाना काढून ठेवा. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि मोबाइल नुसता खिशातून बाहेर आला तरी काका ओरडतात.